सिएटलचा एक न्यायाधीश राष्ट्राध्यक्षांचा हुकूम अडवतो तो कसा?

२० जानेवारी २०२५ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली आणि त्याच दिवशी जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाच्या आदेशावर सही केली. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर राहत असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेलं बाळ यापुढे अमेरिकी नागरिक मानलं जाणार नाही, असा तो आदेश. महिनाभराने जन्मणाऱ्या बाळांपासून तो लागू व्हायचा होता. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या, एच-वन-बीवरच्या भारतीय घरांत धांदल उडाली. वेळेआधी सिझेरियन करता येईल का, अशी डॉक्टरांकडे विचारणा होत असल्याच्या बातम्या आपल्याकडेही छापून आल्या.

तीनच दिवसांत सिएटलमधल्या जॉन कॉफेनॉर नावाच्या न्यायाधीशांनी तो आदेश थोपवला. हे उघड उघड घटनाबाह्य आहे, असं त्यांनी भर कोर्टात सरकारी वकिलाला सुनावलं. कॉफेनॉर काही सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती नव्हेत. ते ‘डिस्ट्रिक्ट जज’, म्हणजे अमेरिकेच्या संघराज्य न्यायव्यवस्थेतल्या सगळ्यात खालच्या पायरीवरचे.

साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयाने केंद्र सरकारचा निर्णय देशभर थांबवला, अशी बातमी आपण कधी वाचलेली नाही आणि वाचणारही नाही. अमेरिकेत मात्र या बातम्या दर आठवड्याला येतात. तिकडची मंडळी त्यावर संतापतात किंवा टाळ्या वाजवतात, आपण गोंधळतो.

## एका गावात दोन कोर्टं

अमेरिकेत न्यायालयांच्या दोन वेगळ्या उतरंडी आहेत. एक प्रत्येक राज्याची स्वतःची. घटस्फोट, भाडेकरूचा वाद, इच्छापत्र, बहुतेक चोऱ्या आणि खून हे सगळं तिथे चालतं. दुसरी उतरंड फेडरल, म्हणजे संघराज्य सरकारची. राज्यघटना, संघराज्याचे कायदे, व्हिसा, पेटंट, दिवाळखोरी किंवा खुद्द सरकारविरुद्धचा दावा असेल, तर तो इकडे. दोन वेगवेगळ्या राज्यांतल्या लोकांचा ७५ हजार डॉलरहून मोठा वादही इथे आणता येतो. त्यामुळे एडिसनमधल्या मराठी कुटुंबाचं घरमालकाशी वाजलं तर ते न्यू जर्सी राज्याच्या कोर्टात जाईल, आणि त्याच कुटुंबाने व्हिसा रखडवल्याबद्दल सरकारला खेचलं तर फेडरल कोर्टात. आपल्याकडे तालुक्यापासून दिल्लीपर्यंत रांग एकच, आणि राज्याचे कायदे असोत की केंद्राचे, ते याच रांगेत चालतात.

फेडरल उतरंडीला पायऱ्या तीनच. तळाला ९४ डिस्ट्रिक्ट कोर्टं, तिथे न्यायाधीशांच्या ६७७ जागा. मध्ये १३ अपील न्यायालयं. वर नऊ न्यायमूर्तींचं सर्वोच्च न्यायालय. डिस्ट्रिक्टचा आकार आपल्या जिल्ह्याएवढा असतो असंही नाही: न्यू जर्सी हे सबंध राज्य मिळून एक डिस्ट्रिक्ट, तर टेक्सासचे चार आणि न्यूयॉर्कचेही चार. ब्रुकलिनमधलं ‘ईस्टर्न डिस्ट्रिक्ट ऑफ न्यूयॉर्क’ आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये सगळ्यांच्या तोंडी झालं, कारण गौतम अदानी यांच्यावरचं आरोपपत्र तिथे दाखल झालं. अदानी समूहाने ते आरोप फेटाळले.

साक्षीदार, पुरावे, उलटतपासणी, ज्युरी हे सगळं फक्त या तळाच्या पायरीवर होतं. वरच्या दोन पायऱ्यांवर कागद आणि युक्तिवाद.

## पहिल्याच दारात घटनेचा प्रश्न

आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११३ सांगतं, की खालच्या कोर्टासमोर एखाद्या कायद्याच्या वैधतेचा प्रश्न आला आणि तो कायदा अवैध आहे असं त्या न्यायाधीशाला वाटलं, तरी त्याने स्वतः तो रद्दबातल ठरवायचा नाही. प्रश्न उच्च न्यायालयाकडे धाडायचा. सरकारच्या निर्णयाला घटनेच्या आधारे आव्हान द्यायचं तर आपण थेट मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पणजीच्या खंडपीठाकडे जातो, नाहीतर दिल्लीला. घटनेचा अर्थ लावणं हे वरच्यांचं काम, अशी आपली वाटणी आहे.

अमेरिकेत ही वाटणीच नाही. घटनेशी विसंगत कायदा न्यायालयाने बाजूला ठेवायचा, हे तत्त्व तिथे १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन निकालापासून पक्कं झालं, आणि ते फक्त सर्वोच्च न्यायालयापुरतं राहिलं नाही. ज्याच्यासमोर खटला उभा राहिला, त्याने उत्तर द्यायचं. सगळं कोडं इथेच उलगडतं. कॉफेनॉर यांच्याकडे राष्ट्राध्यक्षांवर वचक ठेवण्याचं कुठलंही खास खातं नव्हतं. त्यांच्याकडे दावा आला होता, आणि ‘हा प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचा’ म्हणून तो पुढे ढकलण्याची सोय त्यांना नव्हती.

याची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. आपली उच्च न्यायालयं वर्तमानपत्रातली बातमी वाचून स्वतःहून दखल घेतात, कुणीही सामान्य माणूस जनहित याचिका घेऊन उभा राहतो. अमेरिकेतल्या डिस्ट्रिक्ट जजला हे दोन्ही वर्ज्य. प्रत्यक्ष नुकसान झालेला किंवा होऊ घातलेला पक्षकारच दारात यावा लागतो. ‘हे देशासाठी वाईट आहे’ एवढं पुरत नाही. ‘हे माझं असं असं नुकसान करतंय’ हे दाखवावं लागतं. या बाबतीत आपले न्यायमूर्ती कितीतरी मोकळे आहेत.

कॉफेनॉर यांनी दिला तो तात्पुरता मनाई हुकूम, आपल्या बोलीत ‘स्टे’. त्याचं आयुष्य साधारण १४ दिवसांचं, फार तर एकदा वाढवता येणारं. तेवढ्यात दोन्ही बाजू ऐकून अंतरिम मनाई द्यायची की नाही ते ठरतं. ती खटला संपेपर्यंत टिकू शकते. अंतिम निकाल त्याच्याही नंतर. ‘कोर्टाने आदेश रद्द केला’ असं शीर्षक दिसतं, तेव्हा दहातल्या आठ वेळा गाडी पहिल्या किंवा दुसऱ्या थांब्यावरच असते. (हा आकडा माझ्या चिडचिडीतून आलेला आहे, कुठल्या पाहणीतून नव्हे.)

## तहव्वूर राणा: तळापासून वरपर्यंत

ही उतरंड कशी चालते हे समजून घ्यायला मुंबईशी बांधलेलं एक प्रकरण आहे. २६/११ च्या आधी डेव्हिड हेडलीने मुंबईत टेहळणी केली ती शिकागोच्या तहव्वूर राणाच्या इमिग्रेशन कंपनीचा माणूस म्हणून. त्यासाठी ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये ऑफिस थाटलं होतं. राणावर खटला चालला शिकागोच्या डिस्ट्रिक्ट कोर्टात, न्यायाधीश हॅरी लायनवेबर यांच्यापुढे. जून २०११ मध्ये ज्युरीने निकाल दिला: लष्कर-ए-तय्यबाला मदत आणि डेन्मार्कमधल्या वर्तमानपत्रावरच्या हल्ल्याचा कट यांत दोषी, पण मुंबई हल्ल्याच्या कटातून मुक्त.

मुंबईत तेव्हा याचा फार संताप झाला होता. पण दोषी की निर्दोष हे ठरवणं न्यायाधीशाच्या हातात नव्हतंच. ते बारा सामान्य नागरिकांनी एकमताने ठरवायचं. साक्ष कुठली चालेल, ज्युरीला कायदा काय समजावून सांगायचा आणि दोषी ठरल्यावर शिक्षा किती द्यायची, हे न्यायाधीशाकडे. जानेवारी २०१३ मध्ये लायनवेबर यांनी राणाला १४ वर्षं आणि गुन्हा कबूल करून साक्षीदार झालेल्या हेडलीला ३५ वर्षं दिली.

पुढे राणा सुटला आणि भारताच्या मागणीवरून २०२० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा पकडला गेला. त्याचा बचाव होता, की ज्या आरोपातून शिकागोत सुटलो त्यासाठी भारतात पुन्हा खटला कसा? मे २०२३ मध्ये तिथल्या मॅजिस्ट्रेट जजने प्रत्यार्पणाला हिरवा कंदील दाखवला. मॅजिस्ट्रेट जज म्हणजे डिस्ट्रिक्ट जजांनीच आठ वर्षांसाठी नेमलेले साहाय्यक न्यायाधीश. त्याविरुद्ध राणा डिस्ट्रिक्ट जजकडे गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये नकार. मग अपील न्यायालय. ऑगस्ट २०२४ मध्ये नकार. मग सर्वोच्च न्यायालय. २१ जानेवारी २०२५ ला त्यांनी प्रकरण ऐकायलाच नकार दिला. १० एप्रिल २०२५ ला तो दिल्लीत उतरला. प्रत्येक पायरीवर दार ठोठावण्याची संधी अशी मिळते, आणि वेळ असा जातो.

अपिलात नक्की काय तपासतात, तर दोन गोष्टी वेगवेगळ्या मापाने. कायद्याचा अर्थ लावण्यात खालचा न्यायाधीश चुकला का, हे वरचे पूर्ण नव्याने बघतात. पण तथ्यांबाबत, म्हणजे कोण खरं बोललं, काय घडलं, याबाबत ते सहसा हात लावत नाहीत. क्रिकेटमधला ‘अंपायर्स कॉल’ आठवा: चेंडू स्टंपला चाटून जाताना दिसला तरी मैदानावरच्या पंचाने नाबाद दिलं असेल तर ते कायम राहतं, कारण तिसऱ्या पंचाला निर्णय फिरवायला ढळढळीत चूक लागते. डिस्ट्रिक्ट जजची खरी ताकद ही अशी आहे. एकेका न्यायाधीशाच्या वाट्याला राष्ट्राध्यक्षांना अडवणं क्वचित येतं. तथ्यांची नोंद रोज होते, आणि पुढची सगळी भांडणं त्याच नोंदीवर चालतात.

## यांना नेमतं कोण, आणि किती काळासाठी?

राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट साध्या बहुमताने मान्यता देतं. घटनेत ना वयाची अट, ना वकिलीच्या पदवीची. नेमणूक तहहयात, घटनेचे शब्द ‘सद्वर्तन असेतोवर’ अशा अर्थाचे आहेत. पगार वाढवता येतो, कमी करता येत नाही. २०२५ मध्ये तो वर्षाला २,४७,४०० डॉलर होता. ऐकायला घसघशीत, पण न्यूयॉर्कच्या बड्या लॉ फर्ममधला काही वर्षं मुरलेला वकील याहून जास्त घेऊन जातो.

आपले उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी निवृत्त होतात. अमेरिकेत पासष्टीला पुरेशी सेवा झाली असेल तर ‘सीनियर’ दर्जा घेऊन पूर्ण पगारात कमी काम करता येतं आणि जागा नव्या माणसाला मोकळी होते, पण सक्ती कुणालाच नाही. कॅन्ससचे वेस्ली ब्राऊन केनेडींनी १९६२ मध्ये नेमलेले; नाकाला ऑक्सिजनची नळी लावून ते खटले ऐकत राहिले आणि जानेवारी २०१२ मध्ये १०४ व्या वर्षी वारले तेव्हाही पदावरच होते. मला यात कौतुकापेक्षा काळजी जास्त वाटते. पण निवृत्तीनंतरच्या नेमणुकीवर डोळा ठेवून निकाल दिल्याची शंका तिथे घ्यावी लागत नाही, हेही खरं.

या खुर्च्यांवर आता भारतीय वंशाची माणसंही बरीच दिसतात. ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलने सर्च इंजिनमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल देणारे अमित मेहता गुजरातमधल्या पाटणचे. तो खटला ज्युरीशिवाय त्यांनी एकट्यांनी ऐकला. ब्रुकलिनच्या डायन गुजराती यांचं नाव आधी ओबामांनी पाठवलं, ते बारगळलं, मग ट्रम्प यांनी पुन्हा पाठवलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये सिनेटने ९९ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केलं. एम.ए.ला इकॉनोमेट्रिक्सचा पेपर रडतखडत काढलेल्यांनी ज्या गुजरातींचं जाडजूड पाठ्यपुस्तक उशाशी घेतलं, त्या दामोदर गुजरातींची ही मुलगी. ते मुंबई विद्यापीठातून एम.कॉम. करून तिकडे गेले होते.

## म्हणजे हे शेवटी पक्षाचेच लोक?

आक्षेप रास्त आहे. नेमणूक राजकीय आहे आणि ते कुणी लपवतही नाही. २०१३ पर्यंत विरोधकांना सिनेटमध्ये अशी नावं रोखून धरता येत. तेव्हा बहुमतात असलेल्या डेमोक्रॅट्सनी तो मार्ग बंद केला आणि पुढे त्याचा भरपूर फायदा रिपब्लिकनांनी घेतला. एक जुनी प्रथा मात्र टिकून आहे: ज्या राज्यातली जागा, तिथल्या दोन्ही सिनेटरांनी ‘निळी चिठ्ठी’ परत पाठवल्याशिवाय डिस्ट्रिक्ट जजचं नाव सहसा पुढे सरकत नाही.

पण नेमणारा पक्ष कळला म्हणून निकाल आधीच सांगता येतो, असं नाही. ट्रम्प यांना अडवणारे कॉफेनॉर १९८१ मध्ये रिपब्लिकन रेगन यांनी नेमलेले. एच-वन-बीधारकांच्या जोडीदारांना नोकरीची परवानगी देणारा २०१५ चा नियम डेमोक्रॅटिक सरकारचा. नोकऱ्या गेलेल्या अमेरिकी आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं होतं. मार्च २०२३ मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या डिस्ट्रिक्ट कोर्टाने ते फेटाळलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. या निकालावर किती मराठी घरांचे हप्ते उभे होते! ‘कोर्टाने हस्तक्षेप केला नाही’ ही बातमी मोठ्या अक्षरात छापली जात नाही, एवढंच.

आणि या न्यायाधीशांचा बहुतेक दिवस राजकारणात जातही नाही. अमली पदार्थ, बेकायदा सीमाप्रवेश, कैद्यांचे अर्ज, विम्याचे दावे. फौजदारी प्रकरणांत दहापैकी नऊ आरोपी गुन्हा कबूल करून मोकळे होतात. खटला उभाच राहत नाही.

## मनासारखा न्यायाधीश निवडता येतो का?

तत्त्वतः नाही, कारण कुठलं प्रकरण कुणाकडे जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. व्यवहारात, थोडंफार हो. प्रत्येक डिस्ट्रिक्ट आपल्या वाटपाचे नियम स्वतः करतो, आणि टेक्सासमधल्या अमारिलोसारख्या ठिकाणी दाखल होणारी जवळपास सगळी प्रकरणं एकाच न्यायाधीशाकडे जातात, मॅथ्यू कॅझमॅरिक यांच्याकडे. गर्भपाताच्या गोळीला २००० मध्ये मिळालेली सरकारी मान्यता थांबवा, अशी मागणी करणाऱ्यांनी बरोबर तेच गाव गाठलं. ७ एप्रिल २०२३ ला कॅझमॅरिक यांनी मान्यता स्थगित केली. त्याच दिवशी वॉशिंग्टन राज्यातले न्यायाधीश थॉमस राइस यांनी, दुसऱ्या दाव्यात, १७ राज्यांत गोळीच्या उपलब्धतेला हात लावू नका असा उलटा हुकूम दिला. सरकारने ऐकायचं कुणाचं? सर्वोच्च न्यायालयाने दोन आठवड्यांत कॅझमॅरिक यांचा हुकूम थोपवला आणि जून २०२४ मध्ये एकमताने सांगितलं, की दावा करणाऱ्यांचं स्वतःचं नुकसानच झालेलं नाही.

मार्च २०२४ मध्ये न्यायालयांच्या धोरण ठरवणाऱ्या परिषदेने सुचवलं, की राज्यभर किंवा देशभर परिणाम करणारी प्रकरणं सबंध डिस्ट्रिक्टमधल्या न्यायाधीशांत वाटावीत. कॅझमॅरिक ज्या डिस्ट्रिक्टमध्ये आहेत, त्यांनी ते मानलं नाही. माझ्या मते या व्यवस्थेतलं सगळ्यात लाजिरवाणं भोक हेच आहे, आणि ते बुजवायला घटनादुरुस्तीही लागत नाही.

## एका गावातला हुकूम देशभर कशाला?

हा प्रश्न ओबामांच्या काळात डेमोक्रॅट्स विचारत होते, जेव्हा टेक्सासच्या अँड्र्यू हेनन यांनी २०१५ मध्ये त्यांची स्थलांतरितांसाठीची योजना देशभर रोखली. ट्रम्प आल्यावर रिपब्लिकन विचारू लागले. २७ जून २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने जन्माने नागरिकत्वाच्याच प्रकरणात सहा विरुद्ध तीन मतांनी उत्तर दिलं: ट्रम्प विरुद्ध कासा. संसदेने १७८९ च्या कायद्याने या कोर्टांना जे अधिकार दिले, त्यांत दाव्यात नसलेल्या देशभरच्या लोकांना संरक्षण देणारे हुकूम बहुधा बसत नाहीत. न्यायाधीशाने समोरच्या पक्षकाराला पूर्ण न्याय द्यावा, त्यापलीकडे नाही.

मग संपलं सगळं? नाही. ‘क्लास ॲक्शन’चा मार्ग त्या निकालाने उघडाच ठेवला होता: एकसारखं नुकसान सोसणाऱ्या सगळ्यांच्या वतीने काही जणांनी केलेला सामूहिक दावा. १० जुलैला न्यू हॅम्पशायरचे जोसेफ लाप्लांट (नेमणूक धाकट्या बुश यांची) यांनी आदेशाची झळ बसू शकणाऱ्या बाळांचा असा वर्ग मान्य करून ट्रम्प यांचा आदेश पुन्हा अडवला. मूळ घटनात्मक प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हाती घेतला.

देशभराच्या हुकमाशिवायही काय होतं, ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिसलं होतं. सरकारने हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या, त्यांचं तिथलं कायदेशीर वास्तव्य दाखवणाऱ्या संगणकीय नोंदी एका फटक्यात बंद केल्या; त्यांत भारतीय पुष्कळ होते. विद्यार्थी आपापल्या डिस्ट्रिक्टमध्ये गेले. कुठे एकाला, कुठे दहा जणांना मनाई हुकूम मिळू लागले. आज जॉर्जिया, उद्या विस्कॉन्सिन. २५ एप्रिलला सरकारी वकिलांनी कोर्टात सांगितलं, की नोंदी पूर्ववत करतो आहोत.

## न्यायाधीशच वाईट निघाला तर?

काढण्याचा रस्ता महाभियोगाचाच: प्रतिनिधिगृहात साधं बहुमत, सिनेटमध्ये दोन तृतीयांश. सव्वादोनशेहून जास्त वर्षांत १५ फेडरल न्यायाधीशांवर महाभियोग आला, आठ जणांना सिनेटने काढलं. नेवाडाचे हॅरी क्लेबोर्न करचुकवेगिरीत दोषी ठरून १९८६ मध्ये तुरुंगात गेले, पण राजीनामा देईनात. महाभियोग पुरा होईपर्यंत तुरुंगात बसून न्यायाधीशाचा पगार घेत राहिले. फ्लोरिडाच्या ॲल्सी हेस्टिंग्ज यांना १९८९ मध्ये काढलं, तर ते १९९२ मध्ये निवडून प्रतिनिधिगृहातच जाऊन बसले.

निकाल आवडला नाही म्हणून मात्र आजवर सिनेटने एकालाही घालवलेलं नाही. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी वॉशिंग्टन डीसीच्या जेम्स बोसबर्ग यांच्यावर महाभियोगाची मागणी केली, तेव्हा सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निवेदन काढून सांगितलं, की निकालाशी असहमती असेल तर त्यासाठी अपील असतं.

## सरकारने ऐकलंच नाही तर?

बोसबर्ग यांचंच प्रकरण. १५ मार्च २०२५ ला त्यांनी काही व्हेनेझुएलन लोकांना १७९८ च्या युद्धकालीन कायद्याखाली हाकलण्यास मनाई केली. विमानं तरीही एल साल्वाडोरला पोचली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये त्यांचा हुकूम उठवला, कारण माणूस जिथे कोठडीत आहे तिथल्या डिस्ट्रिक्टमध्ये दावा हवा होता, राजधानीत नव्हे. पण हुकूम लागू असताना तो पाळला का, हा प्रश्न वेगळा, आणि त्यावर बोसबर्ग यांनी फौजदारी अवमानाची कारवाई सुरू केली. ती अपील न्यायालयात रेंगाळली.

या कोर्टांकडे स्वतःचे पोलीस नाहीत. हुकूम बजावणारे मार्शल न्याय खात्याचे, म्हणजे शेवटी राष्ट्राध्यक्षांच्याच हाताखालचे. न्यायाधीशाकडे उरतं ते अधिकाऱ्याला नाव घेऊन बोलावणं, शपथेवर साक्ष घेणं, दंड लावणं आणि सरकारी वकिलाने सांगितलेल्या गोष्टीवर यापुढे कागदोपत्री पुरावा मागणं. हे शेवटचं वाटतं तेवढं किरकोळ नाही. फेडरल कोर्टात सरकारी वकिलाचा शब्द पिढ्यानपिढ्या जवळपास पुरावा मानला गेला आहे. त्या वकिलांना उद्या एखाद्या अगदी साध्या प्रकरणात, पुढची तारीख मागायला, त्याच न्यायाधीशासमोर पुन्हा उभं राहायचं असतं.